मतपेटीच्या आडचे राज्य

हैद्राबाद संस्थानात १९४६ साली कायदेमंडळासाठी निवडणूक झाली, ही गोष्ट आज फारशी कोणास आठवत नाही. वेरूळ, खुलदाबाद, दौलताबाद ही सारी गावे त्याच संस्थानाच्या औरंगाबाद सुभ्यात मोडत होती. ज्या वाचकांचे आजे-पणजे त्या मुलखातले आहेत, त्यांनी घरातील वृद्धांस विचारून पाहावे की, त्या निवडणुकीत आपल्यापैकी कोणी मत टाकले होते काय? उत्तर बहुधा नकारार्थीच येईल. किंबहुना अशी निवडणूक झाली होती हेच त्यांस नवीन वाटेल. परंतु राज्यशास्त्राच्या दृष्टीने ती निवडणूक अत्यंत बोधप्रद आहे. लोकांस मत द्यावयास लावून सत्ता मात्र जागची हलू द्यावयाची नाही, ही विद्या आज जगात जिकडेतिकडे बोकाळलेली दिसते. तिचा एक जुना नमुना आपल्याच दाराशी घडून गेला आहे.

त्या योजनेची घडण वाचकांनी नीट पाहावी. १९३७ साली निजाम सरकारने दिवाणबहादूर अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा-समिती नेमली आणि १९३९ च्या जुलैत तिच्या आधारे सुधारणा जाहीर केल्या. युद्धामुळे त्या लांबणीवर पडल्या व १९४६ साली काही फेरफारांसह अमलात आल्या. कायदेमंडळ १३२ सभासदांचे ठरले. मतदारसंघ मात्र गावांचे वा तालुक्यांचे नव्हते, ते धंद्यांचे व हितसंबंधांचे होते: जहागीरदारांचा निराळा, जमीनदारांचा निराळा, सावकारी पेढ्यांचा, व्यापाऱ्यांचा, वकिलांचा, डॉक्टरांचा, पदवीधरांचा निराळा. ज्याला जमीन नाही, पेढी नाही, पदवी नाही, त्या मनुष्यास माणूस म्हणून मत नव्हते. संस्थानात मुसलमानांची वस्ती सुमारे तेरा टक्के असताना निवडून द्यावयाच्या जागांत हिंदू आणि मुसलमान यांची बरोबरी ठरविण्यात आली. ह्या सर्वांवर कळस असा की, मंत्रिमंडळ ह्या कायदेमंडळास जबाबदार नव्हते. ते निजामाने नेमावयाचे व निजामानेच काढावयाचे. सुधारणांच्या मुळाशी जो सिद्धान्त सांगितला गेला, तो तर मोठा मासलेवाईक आहे. राज्याचा अधिपती स्वतःच रयतेचा साक्षात् प्रतिनिधी असतो, निवडून आलेले लोक आज आहेत व उद्या नाहीत, म्हणून रयतेशी त्याचे नातेच अधिक जवळचे, असा तो सिद्धान्त! लोकशाहीचा आत्मा काढून घेऊन त्या जागी धनी बसवावयाचा आणि त्यालाच प्रातिनिधिक राज्य म्हणावयाचे, ह्याहून निर्ढावलेली मांडणी आमच्या तरी वाचनात नाही.

ह्या निवडणुकीची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी. १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. सार्वजनिक सभा घ्यावयाची तर 'गश्ती नंबर ५३' ह्या फर्मानाखाली परवानगी काढावी लागे. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी सत्याग्रह केले व तुरुंग भोगले. बंदी उठली ती १९४६ साली, आणि निवडणूकही त्याच साली. आठ वर्षे तोंड बांधून ठेवलेल्या मनुष्यास शर्यतीच्या आदल्या दिवशी मोकळे करावयाचे आणि मग धाव म्हणावयाचे! स्टेट काँग्रेसने बहिष्कार घातला, ह्यात नवल ते काय?

आजच्या राज्यशास्त्रज्ञांनी अशा राजवटींस 'संकरित राजवट' किंवा 'निवडणुकीची एकाधिकारशाही' अशी नावे दिली आहेत. स्टीव्हन लेव्हिट्स्की आणि ल्यूकन वे ह्या दोघा अभ्यासकांनी २००२ साली एक प्रसिद्ध निबंध लिहून तिच्या एका प्रकाराचे लक्षण सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ह्या राजवटींत निवडणूक खोटी नसते. विरोधी पक्ष असतो, क्वचित् तो जिंकतोही. पण न्यायालय, वृत्तपत्रे, सरकारी तिजोरी आणि पोलीस ही चारही साधने सत्ताधाऱ्यांच्या बाजूस झुकविलेली असतात, त्यामुळे खेळाचे मैदानच सपाट राहत नाही. मेक्सिकोत एकच पक्ष १९२९ पासून २००० पर्यंत नियमाने निवडणुका घेत राज्य करीत राहिला. हंगेरीत २०१० साली दोन-तृतीयांश बहुमत मिळालेल्या पक्षाने त्याच बहुमताच्या बळावर नवी राज्यघटना केली, निवडणुकीचे नियम बदलले, आणि २०२२ साली युरोपीय संसदेने त्या देशास पूर्ण लोकशाही म्हणण्याचे नाकारले. रणगाडे आणून संसद बरखास्त करण्याची आता गरज उरलेली नाही. काम कायद्याने होते, आणि कायदा बहुमताने होतो. वकिलीच्या धंद्यातील मनुष्यास ही गोष्ट विशेष अस्वस्थ करणारी आहे, कारण ज्या हत्याराने आम्ही अन्यायाशी झुंजतो तेच येथे अन्यायाच्या हाती असते.

पाश्चात्य पंडितांनी हे २००२ साली सांगितले म्हणून आपण त्यांचे आभार मानू. परंतु घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी ह्याच धोक्याकडे बोट दाखविले होते, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. नवजात लोकशाहीचे बाह्य रूप तसेच राहील व आत हुकूमशाही नांदू लागेल, आणि एखाद्या पक्षास प्रचंड बहुमत मिळाले तर हा संभव अधिकच वाढेल, असा त्यांचा इशारा होता. त्यापूर्वी एक वर्ष, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी ग्रोट ह्या इतिहासकाराच्या आधारे सांविधानिक नीतीची चर्चा केली होती. घटनेचा शब्दही न बदलता केवळ राज्यकारभाराची तऱ्हा बदलून घटना विकृत करता येते, हा तेथील मुद्दा होता. घटनेत राज्यकारभाराचा इतका बारीक तपशील का घातला, ह्या आक्षेपास दिलेले ते उत्तर होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तो तपशील कारकुनी हौसेपोटी आला नव्हता. रूप तेच ठेवून आत्मा बदलू पाहणाऱ्यांस घातलेला तो अडसर होता.

आता पुन्हा हैद्राबादकडे वळू, कारण आमच्या मते ह्या प्रकरणातील खरा धडा अजून सांगावयाचा आहे, आणि तो आपल्या समाजाशी निगडित आहे. अशा राजवटी केवळ दंडुक्यावर चालत नाहीत, त्या देणगीवरही चालतात. निजामी राजवटीने अखेरच्या काळात अस्पृश्य वर्गास आपल्या बाजूस ओढण्याचा कसून यत्न केला. त्यांच्या शिक्षणासाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर झाला. बी. एस. व्यंकटराव हे दलित पुढारी लायक अलींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. औरंगाबादेतच जन्मलेले बी. श्यामसुंदर कायदेमंडळाचे उपाध्यक्ष झाले व पुढे १९४८ साली संस्थानाची बाजू मांडणाऱ्या शिष्टमंडळाबरोबर संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेले. ह्या दोघांस स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. त्यांनी आयुष्यभर आपल्या लोकांसाठी कष्ट केले होते, आणि संस्थान हिंदुस्थानात गेले तर सवर्ण जमीनदारच गावोगाव राज्य करील, ही त्यांची भीती निराधार नव्हती. तरीपण त्यांना जे मिळाले ते हक्क म्हणून मिळाले नव्हते. मंत्रिपद निजामाच्या मर्जीने आले, निधी निजामाच्या मर्जीने आला. ज्या दिवशी मर्जी फिरेल त्या दिवशी कोणत्या न्यायालयात दाद मागावयाची, ह्याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. १९४७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी हैद्राबादच्या अनुसूचित जातींस निजामाची व इत्तेहादची बाजू घेऊ नये असे जाहीरपणे बजावले, ते ह्याच विवेकातून.

त्या विवेकामागे अनुभवही होता. १९३४ साली चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी मंडळी उतरली. रमजानचा महिना, प्रवासाची धूळ अंगावर. किल्ल्याच्या वेशीजवळील हौदावर काहींनी हातपाय धुतले, तोच जमाव जमला व हौद बाटविल्याबद्दल शिवीगाळ सुरू झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती कोठेही पाण्यास शिवणार नाही ह्या अटीवर, आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला. वाचकहो, ह्या शिपायाकडे नीट पाहा. त्याच्या अंगावर राज्याचा गणवेश होता. जमावाचा रोष हा समाजाचा अन्याय म्हणता येईल. परंतु शिपाई बरोबर दिला गेला त्या क्षणी तो अन्याय राज्याचा झाला. आणि हे ज्या राज्यात घडले तेथेही पुढे बारा वर्षांनी निवडणूक होऊ शकली, शिपाई मात्र होता तेथेच राहिला.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन ती राजवट कोसळली. पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. त्यानंतर जनरल चौधुरींचा लष्करी अंमल आला, मग वेलोदी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री म्हणून नेमले गेले. स्वतः निजाम १९५० ते १९५६ राजप्रमुख होता. वेरूळच्या महारवाड्यातील स्त्रीपुरुषांस प्रौढ मताधिकाराने पहिले मत देता आले ते १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. स्वातंत्र्य मिळाले त्या दिवसापासून मोजले तर साडेचार वर्षांचा हा विलंब आहे.

येथे थोडे विषयांतर क्षमस्व मानावे. वेरूळच्या पहिल्या बारा लेण्यांत भिक्षू राहत, आणि भिक्षुसंघास ठराव, गणपूर्ती, मतमोजणी ही संसदीय पद्धती अवगत होती, हे बाबासाहेबांनी त्याच १९४९ च्या भाषणात सांगितले होते. आपल्या सभांतून हे अभिमानाने सांगितले जाते व ते योग्यच आहे. परंतु विनयपिटकातील चुल्लवग्ग उघडून पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट दिसते. मते शलाकांनी घेत, आणि शलाका वाटून गोळा करणाऱ्या भिक्षूस, अधर्माची बाजू संख्येने वरचढ होत आहे असे आढळल्यास, ते मतदान नीट झाले नाही म्हणून नाकारण्याची मुभा होती. म्हणजे मत घेणाराच मत रद्द करू शकत असे! म्हणूनच त्या भिक्षूच्या अंगी पाच गुण असावेत असा दंडक होता: छंद, द्वेष, मोह आणि भय ह्यांच्या आहारी तो जाणारा नसावा, आणि कोणाची शलाका घेतली व कोणाची नाही ह्याचे त्यास पक्के भान असावे. धर्माने बांधलेल्या छोट्या संघात ही रीत चालून गेली. कोट्यवधींच्या राज्यात मत मोजणाऱ्याच्या शीलावर भिस्त ठेवून चालत नाही. तेथे मत मोजणाराही कोणास तरी जबाबदार असावा लागतो. आमच्या घटनेने अनुच्छेद ३२४ अन्वये स्वतंत्र निवडणूक आयोग निर्माण केला तो त्यासाठीच. आयुक्त कोणी नेमावा ह्यावर २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय व त्याच वर्षी संसदेचा निराळा कायदा असा जो झगडा झाला, तो वकिलांचा शुष्क वाद म्हणून वाचकांनी सोडून देऊ नये.

आपल्या देशाने ह्या रोगाची एक झटापट अनुभवली आहे. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. ऑगस्टात एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेण्याचा यत्न झाला. लोकसभेची मुदत कायद्याने वाढविली गेली. आणि एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने नागरिकास स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागण्याचे दारच बंद केले. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. ह्यातील प्रत्येक पाऊल घटनेतील कलमाचा आकडा देऊन टाकलेले होते. १९७७ च्या मार्चात निवडणूक झाली व मतदारांनी सत्ता उलथवली, हे खरे. परंतु मतपेटीने तारले ते तिच्यात हात घातला गेला नव्हता म्हणून. २०२१ साली एका स्वीडिश संशोधनसंस्थेने भारतास 'निवडणुकीची एकाधिकारशाही' ह्या वर्गात टाकले, तेव्हा सरकारने तो अहवाल झिडकारला आणि विरोधकांनी तो डोक्यावर घेतला. आम्हांस दोन्ही पवित्रे उथळ वाटतात. परक्यांनी चिकटविलेल्या चिठ्ठीवर भांडण्यापेक्षा आपल्या तालुक्यात कारभार कोण चालवितो हे पाहावे.

आणि ते पाहिले तर काय दिसते? औरंगाबाद महानगरपालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. घटनेच्या अनुच्छेद २४३-यु प्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे. प्रत्यक्षात साथ आली, मग प्रभागरचनेचे वाद आले, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला आला. आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फर्मावल्यानंतर. मधल्या काळात शहराचे नाव बदलले, पण शहराचा नगरसेवक कोण हे सांगता येत नव्हते. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांचीही मार्च २०२२ पासून हीच दशा झाली. वेरूळच्या मतदाराची जिल्हा परिषद त्यातच होती. ह्या काळात लोकसभेची व विधानसभेची निवडणूक मात्र वेळेवर झाली. म्हणजे दिल्ली आणि मुंबईसाठी मत आहे, परंतु गटाराच्या, शाळेच्या, पाण्याच्या कारभारावर नेमलेला प्रशासक! निजामाच्या वेळी जिल्ह्यावर अव्वल तालुकदार असे, तोही वरून नेमलेला. दोन्ही काळ एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. आज न्यायालय आहे, वृत्तपत्र आहे, आणि शेवटी निवडणूक झालीही. पण पाच वर्षे प्रतिनिधीवाचून गाडा चालला व कोणाचे काही अडले नाही, ही सवय जी प्रशासनास आणि त्याहून अधिक लोकांस लागली, ती घातक आहे. राखीव जागेवरून निवडून आलेली दलित स्त्री सभागृहात बसून जाब विचारू शकते. प्रशासकाच्या दालनाबाहेर तिला चिठ्ठी पाठवून बसावे लागते.

त्याहूनही खाली, गावात उतरू. १९७८ च्या २७ जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. निवडून आलेल्या सार्वभौम सभागृहाचा ठराव! पुढे काय झाले हे मराठवाड्यातील वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. घरे जळाली, माणसे परागंदा झाली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीस पोचीराम कांबळे यांस ठार मारण्यात आले, आणि ठराव अमलात येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तोही नामविस्ताराच्या रूपाने. साडेपंधरा वर्षे मराठवाड्याच्या गावांत कोणाचे राज्य होते? मतपेटीचे की, मतपेटीच्या मागे उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या सत्तेचे? राज्यशास्त्राच्या ग्रंथांत संकरित राजवट म्हणजे वर हुकूमशहा व खाली निवडणूक असे चित्र असते. आपल्याकडे ते पुष्कळदा उलटे आहे: वर निवडणूक आणि खाली, गावात, हुकूमशहा.

ही खालची सत्ता आता निवडणुकीच्या विरोधात नसते, निवडणुकीतच शिरते. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा चक्क लिलाव झाला व राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. उमराण्यात बोली दोन कोटींवर गेली होती, आणि पैसा देवळासाठी! तेथील लिलावाचे चित्रण बाहेर फुटले म्हणून प्रकरण उघडकीस आले. जेथे चित्रण होत नाही तेथे ह्याच गोष्टीस 'गावाची एकी' म्हणतात व 'बिनविरोध' म्हणून तिचा सत्कार होतो. काही आमदारांनी तर त्याच निवडणुकीत बिनविरोध गावांस लाखोंचा निधी जाहीर केला होता. एकच उमेदवारी अर्ज उरला की मतदानच होत नाही, आणि मतदान झाले नाही की 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणही मतदाराच्या हातून जाते. राखीव जागा असेल तर गावकी आपल्याच सालगड्यास वा त्याच्या पत्नीस उभे करते, व ग्रामपंचायतीचे शिक्के दुसऱ्याच्याच घरी राहतात. आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात महिला सरपंचाने स्वतःच्या सहीचा धनादेश प्रथम पाहिला तो चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर.

ह्यावर कायद्याने काय करता येते, हे वाचकांनी टिपून ठेवावे, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक लोक उशिरा येतात. पंचायतीच्या निवडणुकीस अनुच्छेद २४३-ओ मुळे निवडणूक अर्जावाचून अन्य मार्गाने आव्हान देता येत नाही, आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली तो अर्ज निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशाकडे करावा लागतो. सोळाव्या दिवशी सत्य कितीही तुमच्या बाजूस असो, दार बंद. अनुसूचित जाती-जमातीच्या मनुष्यास मत देऊ न देणे, अमक्यासच मत दे म्हणून धमकावणे, उमेदवारी अर्ज भरू न देणे किंवा भरलेला मागे घ्यावयास लावणे, हा अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम ३(१)(एल) खाली स्वतंत्र गुन्हा आहे. निवडून आलेल्या अशा सभासदास वा सरपंचास कामापासून रोखणे हा कलम ३(१)(एम) खाली. अर्ज भरल्याबद्दल कुटुंबास वाळीत टाकले तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. फिर्यादीत नुसते 'जातीवाचक शिवीगाळ' एवढेच लिहून घेण्याची पोलीस ठाण्यांची जी रीत पडली आहे, तीस बळी पडू नये. अर्ज भरण्याची तारीख, मागे घेण्याची तारीख, त्या दोहोंच्या मध्ये कोण घरी आले, काय बोलले व त्या वेळी कोण हजर होते, हे त्याच रात्री कागदावर उतरवून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची एक प्रत तहसीलदारास देऊन पोच घ्यावी.